वाचकांचे प्रश्न : जनुके, रोजचे जेवण आणि रक्तातील साखर

गेल्या काही महिन्यांत विदर्भातील गावांमधून आलेल्या पत्रांत मधुमेह, आनुवंशिकता आणि 'आपल्या प्रकृतीला कोणता आहार' या विषयांवरचे प्रश्न सर्वाधिक होते. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ असून मी शाळेत शिक्षक आहे. वडिलांना आणि काकांना मधुमेह होता. माझी उपाशीपोटी साखर ११४ आली. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणतो की लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी करून घ्या, म्हणजे तुमच्या जनुकांना कोणता आहार मानवतो ते अहवालात येईल. खर्च काही हजारांचा आहे. करावी का? – एक शिक्षक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपल्या मुलाची काळजी खरी आहे, परंतु माझ्या मते ही चाचणी आपण करू नये, आणि त्यामागची कारणे नीट समजून घ्यावीत.

मधुमेहाच्या नेहमीच्या प्रकारात, ज्याला टाइप २ म्हणतात, आनुवंशिकतेचा वाटा निश्चित आहे, पण तो कुठल्या एका जनुकाचा नाही. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांना टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातील एक बदल सापडला. पुढच्याच वर्षी हैदराबादच्या 'सीसीएमबी' या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुण्याच्या डॉक्टरांसोबत काम करून तोच संबंध भारतीय रुग्णांतही दाखवला. सामान्य जनुकीय बदलांपैकी हा सर्वांत बलवान मानला जातो. तरीही आई-वडिलांकडून येणाऱ्या दोन प्रतींपैकी त्याची एक प्रत अंगात असल्यास धोका साधारण दीडपटीहूनही कमी वाढतो. त्यानंतर असे शेकडो बदल सापडले असून प्रत्येकाचा परिणाम याहूनही लहान आहे. शिवाय या अभ्यासांपैकी बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्यामुळे त्यांवर बेतलेले धोक्याचे आकडे आपल्याकडच्या माणसांना तितकेसे बरोबर लागू पडत नाहीत. 'जीनोम इंडिया' प्रकल्पातून दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती संशोधकांना जानेवारी २०२५ मध्ये कुठे खुली झाली. तिच्यावरचे काम आता सुरू होत आहे.

आता अहवालातील मुख्य दाव्याकडे वळू. तुमच्या जनुकांना स्निग्ध पदार्थ कमी असलेला आहार मानवेल की पिष्टमय पदार्थ कमी असलेला, हे सांगता येते असे या कंपन्या म्हणतात. नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर तपासला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. स्निग्ध पदार्थ कमी खाणाऱ्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो उतरले, पिष्टमय पदार्थ कमी खाणाऱ्यांचे ६ किलो. आणि ज्यांची जनुके 'जुळणारी' होती त्यांना त्या जुळण्याचा काहीही जास्तीचा लाभ झाला नाही. ज्या आधारावर आपल्याकडून हजारो रुपये घेतले जाणार आहेत, तो आधार प्रत्यक्ष तपासणीत टिकलेला नाही, असेच म्हणावे लागते.

आपल्याजवळ याहून उपयुक्त माहिती आधीच आहे. आई-वडिलांपैकी एकाला टाइप २ मधुमेह असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता ढोबळमानाने ४० टक्के, आणि दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास मानली जाते. या आकड्यांत जनुकेही आली आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेली चूल, चहातील साखर व बैठकीच्या सवयीही आल्या. आपली ११४ ही साखर मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते. मधुमेहाची रेषा १२६ पासून सुरू होते.

या अवस्थेतून माणसाला मागे आणता येते, याचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, आहार, वजनात सुमारे ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. चेन्नई येथे ५३१ भारतीयांवर झालेल्या अभ्यासात (२००६) ही घट २८.५ टक्के होती; अमेरिकेपेक्षा कमी, पण भारतीयांवर सिद्ध झालेली. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट अशी की अमेरिकेतील त्याच अभ्यासात टीसीएफ७एल२ च्या दोन्ही धोकादायक प्रती असलेल्यांची वेगळी मोजणी झाली, तेव्हा काहीही उपाय न करणाऱ्या गटात त्यांना मधुमेह अधिक झाला, परंतु आहार व व्यायाम पाळणाऱ्या गटात हा फरक जवळजवळ मिटून गेला. म्हणजे चाचणीचा निकाल काहीही आला असता तरी आपल्याला करायचे होते ते हेच.

तेव्हा ते पैसे वाचवून आपण ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केली जाणारी साखरेची चाचणी करून घ्यावी. सोबत रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासावी. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजावी. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. जेवणात दोन पोळ्या आणि वर भात असेल तर त्यांपैकी एकच काय ते ठेवावे, वरण घट्ट असावे, भाजीचे प्रमाण पोळीपेक्षा जास्त असावे. रात्रीच्या जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटे चालून यावे. जेवणानंतर चालल्याने त्या जेवणाची साखर कमी चढते. आपल्या मुलाचीही साखर तपासून घ्या, कारण वारसा त्याच्याकडेही गेला आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून सिकलसेलची वाहक (एएस) आहे. उपाशीपोटी साखर १३४ आणि जेवणानंतर २१२ आली, पण एचबीए१सी मात्र ६.० आहे. एका ठिकाणी मला मधुमेह नाही असे सांगितले, दुसरीकडे गोळी सुरू करा म्हणाले. कोणावर विश्वास ठेवू? – एक वाचक भगिनी, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार समाधान वाटले, कारण आपण सिकलसेलची स्थिती स्वतःहून कळवली. ज्या एका जनुकाची माहिती विदर्भातील मधुमेहाच्या रुग्णाला खरोखर असायला हवी, ते जनुक हेच आहे, आणि त्याच्या चाचणीला पैसेही पडत नाहीत.

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकातील एका अक्षराएवढा बदल. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी १९५८ मध्ये लिहिले, आणि तेव्हापासून पूर्व विदर्भातील अनेक समाजांत तो आढळतो हे ठाऊक आहे. आई व वडील दोघांकडून बदललेले जनुक आले तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आले तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला त्यामुळे सहसा त्रास नसतो आणि त्यासाठी कसलेही पथ्य लागत नाही.

एचबीए१सी ही चाचणी हिमोग्लोबिनला साखर किती चिकटली आहे ते मोजते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून ती दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. एसएस रुग्णाच्या लाल पेशी यापेक्षा पुष्कळ लवकर नष्ट होतात. साखर चिकटायला वेळच मिळत नसल्यामुळे आकडा खोटा कमी येतो, आणि अशा रुग्णात एचबीए१सी वर अजिबात विसंबू नये. वाहकांत परिणाम सौम्य असतो. अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक कृष्णवर्णीय व्यक्तींच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष साखर सारखीच असताना वाहकांचे एचबीए१सी सरासरी ०.३ ने कमी आढळले. काही यंत्रपद्धतींत बदललेले हिमोग्लोबिन मोजणीतच अडथळा आणते. प्रयोगशाळेला ते आधी सांगितले तर योग्य पद्धत निवडता येते. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जनुकीय कमतरता असलेल्यांतही हा आकडा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो. आपल्या भागातील अनेक स्त्रियांत लोहाची कमतरता आणि सिकलसेलचे वाहकपण एकत्र असते, तेव्हा एकाच आकड्याला दोन बाजूंनी ओढ बसते आणि उरलेल्या संख्येचा अर्थ लावणे अवघड होते. अलीकडे रक्त चढवले असेल तर ही चाचणी तूर्त करूच नये.

म्हणून रक्तातील प्रत्यक्ष साखर आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल, तर निदान प्रत्यक्ष साखरेवरून करावे. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक साखर दोन वेगवेगळ्या दिवशी आली, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक आली, तर तो मधुमेहच. आपली १३४ ही नोंद एका दिवसाची आहे. ती शिरेतून घेतलेल्या रक्तावर, रात्रीचे आठ तास पूर्ण उपाशी राहून, पुन्हा तपासावी. पुन्हा १२६ च्या वर आली तर उपचार सुरू करण्यात दिरंगाई नको, मग एचबीए१सी काहीही असो. तोवर हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा सांगणारी चाचणी) तपासून लोहाचे काय ते पाहावे. पुढे साखर ताब्यात आहे की नाही हे पाहण्यासाठी ग्लुकोमीटरवरील नोंदी ठेवाव्यात. फ्रुक्टोसामीन नावाची चाचणीही आहे, जी मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते आणि हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते.

एक विनंती सर्वच वाचकांना. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. तपासणीनंतर मिळालेले सिकलसेलचे कार्ड केवळ लग्न जुळवताना काढण्याचे नाही. साखर तपासायला जाल तेव्हाही ते दाखवा आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर 'एएस' किंवा 'एसएस' असे लिहायला सांगा. घाईच्या ओपीडीत डॉक्टर हा प्रश्न विचारतीलच असे नाही.

प्रश्न : मी शेतकरी, वय ३८, वजन ५२ किलो. आयुष्यभर शेतात राबलो, गोड फारसे खाल्ले नाही, घराण्यात कोणाला शुगर नाही. तरी तपासणीत २६० निघाली. दोन महिन्यांत वजन चार किलो उतरले. लोक सांगतात की दिवसात दोनदाच जेव, भाकरी बंद कर. – एक शेतकरी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सर्वांत आधी : जेवण कमी करू नका. वजन झपाट्याने उतरणे, तहान आणि लघवी वाढणे ही इन्शुलिन कमी पडत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा शरीराला उपास किंवा पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद करणे धोक्याचे ठरते. या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप सुरू झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

शुगर लठ्ठ माणसालाच होते ही समजूत आपल्या देशात फारशी खरी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचे आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्रही प्रसिद्ध केले : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, परंतु शरीरातील चरबी इंग्रज सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

याचा अर्थ सारा दोष जनुकांवर टाकावा असा नाही. आई गरोदरपणी अर्धपोटी राहिली, रोवणी-निंदणीला वाकून राबली, तर बाळाचे इन्शुलिन तयार करणारे स्वादुपिंड कमी पेशींनिशी घडण्याची शक्यता असते. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळात जी बाळे गर्भात होती, त्यांच्यात प्रौढपणी साखर पचवण्याची क्षमता कमी आढळली. तिथे जनुके बदलली नव्हती, भुकेचा परिणाम झाला होता. कुपोषणाशी जोडलेल्या अशा मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये टाइप ५ असे वेगळे स्थान दिले. विदर्भातल्या दुष्काळी वर्षांत जन्मलेल्या पिढीच्या बाबतीत हा विषय आपल्या डॉक्टरांनी आणि शासनाने फार गांभीर्याने घ्यावा असे मला मनापासून वाटते.

आपला प्रकार कोणता हे पत्रावरून ठरवता येणार नाही. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्शुलिन किती बनवते ते सांगणारी चाचणी), जीएडी प्रतिपिंडे (शरीर स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करते का ते दाखवणारी) आणि पोटाची सोनोग्राफी यांविषयी डॉक्टरांना विचारा. स्वादुपिंडात खडे होऊनही मधुमेह होतो. तालुक्याला सोय नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. तोवर भाकरी, वरण, फल्ली, अंडी, दही असे पोटभर खावे, आणि इन्शुलिन सांगितले तर नाही म्हणू नये.

प्रश्न : आम्हा दोघा भावांना मधुमेह आहे, घर आणि चूल एकच. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चांगली म्हणून पोळी सोडली. भावाची साखर आटोक्यात आली, माझी नाही. असे का? – एक वाचक, मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला

उत्तर : एकच अन्न दोन माणसांत वेगळी साखर चढवते, हे आता चांगले मोजले गेले आहे. इस्रायलमध्ये ८०० जणांवर झालेल्या २०१५ च्या अभ्यासात हे दिसले. आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात तर जनुके सारखी असलेल्या जुळ्या भावंडांतही एकाच जेवणाने चढणारी साखर वेगळी निघाली. झोप, जेवणाची वेळ, आधीचे जेवण, आतड्यातील जिवाणू, स्नायूंचे प्रमाण, आजार किती जुना आहे, अशा अनेक गोष्टींचा त्यात हात असतो.

ज्वारीबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, आणि कोंड्यासह गव्हाच्या पिठातही साधारण ११ ग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र तीनहून कमी. म्हणजे न चाळलेल्या कणकेच्या पोळीपेक्षा भाकरी फार वेगळी नाही. भाताच्या तुलनेत मात्र ती नक्कीच उजवी आहे. सोयाबीनने ज्वारीचे शेत घेतले आणि रेशनवर गहू-तांदूळ आला, त्यामुळे ज्वारी आता घरात विकत येते. ती परवडत नसेल तर साखरेसाठी म्हणून कर्ज काढून आणण्याची गरज नाही. दोन मोठ्या भाकरींत पिष्ट भरपूर असते, हे विसरून चालत नाही.

आपल्यासाठी योग्य आहार शोधण्याचे साधन म्हणजे ग्लुकोमीटर. नेहमीचे जेवण घ्या. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर मोजून वहीत लिहा. तेच जेवण दुसऱ्या एखाद्या दिवशी घेऊन पुन्हा मोजा, कारण एका नोंदीवर काही ठरत नाही. मग एकच गोष्ट बदला : दोन भाकरींऐवजी एक आणि वाटीभर जास्त वरण, किंवा आधी भाजी-सलाड व मग भाकरी, किंवा जेवणानंतर चालणे. दोन तासांनंतरची साखर १८० च्या आत राहील असे जेवण आपले. एकाच वेळी चार बदल केल्यास कशाचा गुण आला ते कळणार नाही. मात्र इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर वावरात साखर उतरून चक्कर येईल. आणि आपल्या भावाची वही आपल्याला लागू नाही. त्यांनी स्वतंत्र मोजावे.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, अंगाने बारीक. मधुमेह निघाला, इन्शुलिन सुरू आहे. तिच्या आईला २२ व्या वर्षी आणि आजोबांना पंचविशीतच तो झाला होता. जनुकीय चाचणीचा उपयोग नाही असे आपण मागे लिहिले होते. आमच्या बाबतीतही तसेच का? – एक पालक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : नाही, आपल्या बाबतीत उपयोग असू शकतो. सलग तीन पिढ्यांत, पंचविशीच्या आत, बारीक अंगाच्या माणसांना मधुमेह होतो तेव्हा 'मोडी' या प्रकाराचा विचार करावा लागतो. त्यात एकाच जनुकातील दोष पुरेसा असतो आणि तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. एचएनएफ१ए या जनुकात दोष असेल तर पुष्कळ रुग्णांची साखर सल्फोनिलयुरिया गटातील स्वस्त गोळीवर ताब्यात राहते आणि इन्शुलिन थांबवता येते; ग्लुकोकायनेज जनुकात असेल तर साखर थोडी जास्त राहते, पण बहुधा औषधच लागत नाही. घरोघरी पाठवल्या जाणाऱ्या लाळेच्या चाचणीने हे विश्वासाने कळत नाही. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांनी मागवलेली ठराविक जनुकांची तपासणी लागते.

त्याआधी टाइप १ (ज्यात शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही) नाही याची खात्री करावी लागते, कारण या वयात तो अधिक आढळतो. त्यासाठी प्रतिपिंडे आणि सी-पेप्टाइड तपासतात. जाताना आई, आजोबा, मामा, मावशी यांपैकी कोणाला कोणत्या वर्षी निदान झाले, तेव्हा वजन किती होते आणि कोणते औषध चालले, हे एका कागदावर लिहून न्या. आईचीही तपासणी सोबतच करून घ्यावी. अहवाल हाती येऊन डॉक्टर स्पष्ट सांगेपर्यंत मुलीचे इन्शुलिन एक दिवसही बंद करू नका. तिला टाइप १ असेल तर ते बंद केल्याने जिवावर बेतते.